टाबोऱ्याहून परत आलेला डॉक्टर आणि आपल्या उसाच्या पट्ट्यातला 'सामना'

डॉ. श्रीराम लागू म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढं काय येतं? व्हॉट्सअॅपवर फिरणारी 'नटसम्राट'मधल्या स्वगताची क्लिप. नाहीतर 'पिंजरा'तले गुरुजी. फार तर अमिताभच्या पिक्चरमधला कुणाचा तरी बाप. बस, संपलं. माणूस गेला त्याला आता काही वर्षं झाली (१७ डिसेंबर २०१९, पुणे). १६ नोव्हेंबर २०२७ ला त्यांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण होतील. तेव्हा मुंबई-पुण्यात कार्यक्रम होतीलच. पण या माणसाच्या कारकिर्दीवर बारामती-इंदापूरकरांचाही हक्क आहे, असं मला वाटतं. का, ते सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा, पण पूर्ण वाचा.

सुरुवात साताऱ्यापासून. लागूंचा जन्म १९२७ चा, साताऱ्याचा. शिक्षण पुण्यात. भावे हायस्कूल, फर्ग्युसन आणि मग बी. जे. मेडिकल. बी. जे. म्हणजे ससूनला लागून असलेलं कॉलेज. आपल्याकडं कुणाला जास्त झालं की "ससूनला हलवा" म्हणतात, तेच ससून. नाटकाचं वेड तिथं शिकतानाच लागलं होतं. पुढं ते कान-नाक-घशाचे सर्जन झाले, पुण्यात प्रॅक्टिस केली, कॅनडा आणि इंग्लंडला जाऊन जास्तीचं शिक्षण घेतलं. दिवसा ऑपरेशन आणि संध्याकाळी तालीम, असा सगळा कारभार. भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमधून, म्हणजे पीडीएतून, ते हौशी नाटकं करत होते. वसंत कानेटकरांचं 'वेड्याचं घर उन्हात' हे त्यातलंच. हौशी म्हणजे काय, तर पदरमोड करून करायचं नाटक.

मग साठच्या दशकात हा सर्जन गेला थेट आफ्रिकेत. टांझानियातल्या टाबोरा गावी.

टाबोरा कुठं आहे हे आपल्याला समजायचं तर दौंड डोळ्यांपुढं आणा. रेल्वेचं जंक्शन. दार-ए-सलाम बंदरातून निघालेली गाडी देशाच्या आत शेकडो किलोमीटर येते आणि टाबोऱ्याला फाटा फुटतो. एक लाईन किगोमाकडं, टांगानिका सरोवराला. दुसरी म्वांझाकडं, व्हिक्टोरिया सरोवराला. देश नुकताच स्वतंत्र झालेला होता. टांगानिका १९६१ साली ब्रिटिशांच्या ताब्यातून सुटला, १९६४ ला झांझिबार त्याला जोडलं गेलं आणि टांझानिया तयार झाला. राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे. पेशानं हा माणूस मास्तर. लोक त्यांना 'म्वालिमू' म्हणायचे, स्वाहिलीत त्याचा अर्थच शिक्षक. शिकले टाबोऱ्यात, पुढं काही वर्षं शिकवलंही टाबोऱ्यातच. १९६७ ला त्यांनी अरुशा जाहीरनामा काढला आणि गावोगाव सामूहिक शेतीचा, 'उजामा'चा प्रयोग सुरू केला. आपल्याकडं सहकारी कारखाने उभे राहात होते, त्याच काळात तिकडंही मिळून शेती करायची स्वप्नं चालली होती. त्यांचा प्रयोग पुढं फसला, गावं जबरदस्तीनं हलवली गेली. तो वेगळा विषय आहे.

पण न्येरेरेंची दुसरी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. देश चालवता चालवता या गड्यानं शेक्सपिअरची दोन नाटकं स्वाहिलीत आणली. 'ज्युलियस सीझर' आणि 'मर्चंट ऑफ व्हेनिस'. आपली भाषा एवढी मोठी आहे की शेक्सपिअरही तिच्यात मावतो, हे त्यांना दाखवायचं होतं. राष्ट्राध्यक्ष रात्री बसून नाटकाचं भाषांतर करतोय, अशा देशात आपला मराठी डॉक्टर लोकांचे कान-नाक-घसे तपासत होता.

आफ्रिकेत लागूंचं बरं चाललं होतं. नोकरी होती, मान होता. ते सगळं सोडून ते परत आले आणि १९६९ साली डॉक्टरकी बाजूला ठेवून पूर्णवेळ नट झाले. पहिलं व्यावसायिक नाटक कानेटकरांचं, 'इथे ओशाळला मृत्यू'. वय बेचाळीसच्या घरात. आपल्याकडं या वयात माणूस मुलाच्या अॅडमिशनची आणि घराच्या हप्त्याची चिंता करतो. परदेशात शिकलेला सर्जन नाटकात जातोय म्हटल्यावर नातेवाईक काय म्हणाले असतील, याची कल्पना तुम्ही करू शकता.

आणि मग वर्षभरात 'नटसम्राट'. २३ डिसेंबर १९७०. वि. वा. शिरवाडकरांचं नाटक, गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. मागं सावली शेक्सपिअरच्याच किंग लिअरची. सगळं मुलांच्या नावावर करून मोकळा झालेला म्हातारा, आणि मग त्याला घरात जागा नाही. सातबारा पोरांच्या नावावर करून ओसरीवर येऊन बसलेला म्हातारा आपल्या प्रत्येक वाडीवस्तीवर एक तरी आहे. म्हणून हे नाटक राजाचं किंवा नटाचं न राहता घराघरातलं झालं. त्रेचाळीस वर्षांच्या लागूंनी हा म्हातारा असा उभा केला, की पुढं दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा ताकदीच्या नटांनी ती भूमिका केली तरी तुलना लागूंशीच होत राहिली. २०१६ ला नाना पाटेकरांचा सिनेमा आला तेव्हाही तेच.

पण मला 'नटसम्राट'वर थांबायचं नाही. त्यावर भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय लागूंच्या मास्तरांवर.

बघा, या माणसानं आयुष्यभर किती मास्तर केले! 'पिंजरा' (१९७२, व्ही. शांताराम) मधले गुरुजी. गावाला शिस्त लावणारा, तमाशाचा फड उठवायला निघालेला आणि शेवटी त्याच फडात अडकलेला. 'हिमालयाची सावली'तले प्रोफेसर नानासाहेब भानू, ज्यांच्यात लोकांना महर्षी कर्वे दिसले. मृणाल सेन यांच्या 'एक दिन अचानक' (१९८९) मधला प्रोफेसर, जो एका पावसात घरातून निघून जातो तो परत येतच नाही. मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मधला सॉक्रेटिस, जगातल्या प्रश्न विचारणाऱ्या मास्तरांचा मूळपुरुष. तो लागूंनी सत्तरी ओलांडल्यावर केला. अॅटनबरोच्या 'गांधी' (१९८२) मध्ये ते गोखले झाले, म्हणजे खुद्द गांधींचे गुरू. आफ्रिकेतून परतलेल्या गांधींना "आधी आपला देश बघून ये" असं सांगणारे गोखले. ती भूमिका करणारा नटही स्वतः आफ्रिकेतून परतलेला. हा योगायोगच म्हणायचा.

या सगळ्यात आपला मास्तर कुठला? तर 'सामना'तला.

'सामना' कसा झाला ते आधी सांगतो, कारण इथं आपला भाग येतो. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. जन्म पंढरपूरचा, शाळा सोलापूरची, मेडिकल बी. जे.ला. बालरोगतज्ज्ञ. आणि दवाखाना कुठं? दौंडला! बारामतीहून गाडीनं निघालं की तासाभरात येतं ते दौंड. दौंडला लहान पोरांना तपासणारा डॉक्टर पुण्यात जाऊन 'घाशीराम कोतवाल' बसवत होता (१९७२) आणि त्यानंतर पहिला सिनेमा करायला निघाला होता. निर्माते रामदास फुटाणे, जामखेडकडचे, चित्रकलेचे शिक्षक. लेखक विजय तेंडुलकर. मारुती कांबळेच्या भूमिकेत मोहन आगाशे, तेही बी. जे.चेच, मनोविकाराचे डॉक्टर. म्हणजे एका सिनेमात ससूनच्या आवारातले तीन डॉक्टर. एक कान-नाक-घशाचा, एक लहान मुलांचा आणि एक मनाचा.

समोर हिंदुराव धोंडे पाटलाच्या भूमिकेत निळू फुले. फुले मूळचे पुण्याचे, आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम केलेले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेले. एका बाजूला परदेशात शिकून आलेला सर्जन, दुसऱ्या बाजूला मेडिकल कॉलेजच्या बागेत राबलेला माळी. मराठी पडद्यावर याहून भारी जोडी झाली असेल, तर मला माहीत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. हिंदुराव म्हणजे साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याच्या राज्यात एक दारुडा, फाटका म्हातारा मास्तर येऊन पडतो. कधीकाळी स्वातंत्र्याच्या चळवळीत होता, आता कुणाचाच नाही. हिंदुराव त्याला वाड्यावर ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. मास्तरच्या कानावर एक नाव येतं. मारुती कांबळे. हा माणूस होता, आता नाही. मास्तर एवढंच विचारत सुटतो की त्याचं पुढं झालं काय. चिडून नाही, भाषण ठोकून नाही. दारूच्या नशेत, हसत, गमतीत, भिंतीवर लिहून, पण विचारत राहतो. शेवट सांगत नाही. ज्यांनी बघितला नाही त्यांनी बघावा.

आता हा सिनेमा मला आपल्या भागाचा का वाटतो? माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. एवढे कारखाने आपल्या दोन तालुक्यांत. आपली लग्नं उसाच्या बिलावर ठरतात. पोराची फी, ट्रॅक्टरचा हप्ता, म्हातारीचं ऑपरेशन, सगळं पहिल्या उचलीच्या तारखेवर. कारखान्याची निवडणूक आपल्याकडं आमदारकीपेक्षा चुरशीची होते. तेव्हा साखर कारखान्यातल्या सत्तेवरचा पिक्चर आपण त्रयस्थ म्हणून बघूच शकत नाही.

आणि तेंडुलकर-पटेलांची खरी करामत म्हणजे हिंदुराव नुसता व्हिलन नाही. त्यानं माळरानावर कारखाना उभा केलाय, लोकांच्या हाताला काम दिलंय, आणि ते तो बोलूनही दाखवतो. ते खोटं नाही. आपल्याकडंही सहकारानं जे केलं ते कुणी नाकारू नये. नीरेचा कालवा आणि कारखाना नसता तर आपली निम्मी गावं आज कुठं असती, हे जिरायती पट्ट्यातल्या माणसाला विचारा. 'सामना' एवढंच म्हणतो, की विकास झाला म्हणून प्रश्न विचारायचा हक्क संपत नाही. शंभर चांगली कामं केली म्हणून एका माणसाच्या गायब होण्याचा हिशेब माफ होत नाही. हे मास्तर सांगत नाही, तो फक्त विचारतो. लागूंनी तो मास्तर कुठंही हिरो होऊ दिला नाही. तो लाचार आहे, हिंदुरावची दारू पितो, त्याच्याच वाड्यावर झोपतो. ज्याचं खातो त्यालाच प्रश्न विचारणं किती अवघड असतं, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. कारखान्याचा कामगार असो, संस्थेतला शिक्षक असो, नाहीतर जाहिरातीवर चालणाऱ्या पेपरचा आमच्यासारखा बातमीदार असो.

'सामना' १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. तारखा बघा. आपल्याकडं आणीबाणी लागली २५ जूनला आणि बर्लिनचा महोत्सव सुरू झाला २७ जूनला. देशात प्रश्न विचारणारे आत जात होते आणि तिकडं पडद्यावर आपला दारुडा मास्तर प्रश्न विचारत होता.

चार वर्षांनी, १९७९ ला 'सिंहासन' आला. पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा तेंडुलकर, कादंबऱ्या अरुण साधूंच्या. इथं लागू उलट्या बाजूला, मुख्यमंत्र्यांची खुर्ची ओढायला निघालेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, आणि निळू फुले चक्क पत्रकार, दिगू टिपणीस. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते आपले शरद पवार, आणि त्यांच्याच काळात या सिनेमाला सरकारी इमारतींत शूटिंग करू दिलं गेलं. राजकारण्यांची सालं काढणारा सिनेमा आणि त्याला राजकारण्यांनीच दार उघडलेलं. आज कुठल्याही पक्षाचं सरकार असं करील का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

थोडं आफ्रिकेकडं परत जाऊ, कारण तुलना केल्याशिवाय आपल्याकडं काय होतं ते कळत नाही. याच काळात दक्षिण आफ्रिकेत दोन नट काम करत होते. जॉन कानी आणि विन्स्टन एन्चोना. दोघंही काळे, दोघांनीही आधी फोर्डच्या कारखान्यात कामगार म्हणून दिवस काढलेले. नाटककार अॅथोल फुगार्डबरोबर बसून त्यांनी १९७२ ला 'सिझ्वे बान्झी इज डेड' उभं केलं. काळ्या माणसाला आपल्याच देशात फिरायला पासबुक लागायचं, त्याची गोष्ट. पुढचं नाटक 'द आयलंड'. त्यात तुरुंगातले दोन कैदी 'अँटिगनी' नाटक बसवतात. ('अँटिगनी' लागूंनीही मराठीत केलं.) १९७५ ला कानी आणि एन्चोना या दोघांना मिळून अमेरिकेचा टोनी पुरस्कार मिळाला. आणि मायदेशी? १९७६ ला नाटक केलं म्हणून अटक. कानींचा तर पोलिसांच्या मारहाणीत एक डोळा गेला. आज पोरं त्यांना 'ब्लॅक पँथर'मधला म्हातारा राजा म्हणून ओळखतात. त्या राजाचा एक डोळा काचेचा आहे आणि तो कशानं गेला, हे पोरांना कुणी सांगत नाही.

आपल्याकडं लागूंना कुणी तुरुंगात टाकलं नाही. पण भांडावं त्यांनाही लागलं. तेंडुलकरांचं 'गिधाडे' त्यांनी १९७० ला दिग्दर्शित केलं तेव्हा सेन्सॉरशी झगडा झाला. साडीवरचा लाल डाग दाखवायचा की नाही, इथपर्यंत वाद गेला. 'उद्ध्वस्त धर्मशाळा'त ते चौकशीला सामोरा जाणारा डावा प्राध्यापक झाले (घ्या, आणखी एक मास्तर). 'कन्यादान'मध्ये समाजवादी आमदार, ज्याची मुलगी दलित कवीशी लग्न करते आणि बापाची तत्त्वं घरातच तपासली जातात. प्रेमानंद गज्वींच्या 'किरवंत'मध्ये ते स्मशानातले विधी करणारे, आणि म्हणून ब्राह्मणांतच अस्पृश्य ठरलेले किरवंत झाले. हिंदीत 'घरौंदा'साठी फिल्मफेअर मिळालं, १९७४ ला पद्मश्री, २०१० ला संगीत नाटक अकादमीची फेलोशिप. हिंदीत पुष्कळ किरकोळ कामंही केली, ते कुणापासून लपलेलं नाही. पण नाटकाच्या बाबतीत त्यांनी सोपी वाट धरली नाही.

आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं 'लमाण'. एका गावचा माल पाठीवर लादून दुसऱ्या गावी नेणारा तो लमाण. नट म्हणजे लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत पोचवणारा हमाल, एवढंच. 'नटसम्राट' म्हणून डोक्यावर घेतलेल्या माणसानं स्वतःला दिलेलं हे नाव आहे.

पण स्टेजवरून उतरल्यावर हा लमाण स्वतःचा मालही घेऊन फिरला. तो माल होता देव न मानण्याचा. 'परमेश्वराला रिटायर करा' हा त्यांचा लेख गाजला, शिव्याही भरपूर मिळाल्या. ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगाव फिरले. दाभोलकर साताऱ्याचेच, तेही डॉक्टर. आणि गंमत अशी की व्यासपीठावर हे दोघं एकमेकांशीच वाद घालायचे. लागू म्हणायचे देव नाहीच, सरळ सांगा. दाभोलकर म्हणायचे समितीचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीशी आहे. आणि लोक दोघांचंही ऐकून घेत. टाळ्या दोघांनाही.

तुकोबांची पालखी ज्या रस्त्यानं जाते, बेलवाडीला आणि इंदापूरला रिंगण होतं, त्या रस्त्यावरची आपण माणसं. मी स्वतः पालखीत चालतो. लागूंचं देवाबद्दलचं म्हणणं मला पटत नाही. पण न पटणारं बोलणारा माणूस गावात येतोय, आपण सतरंजीवर बसून दोन तास ऐकतोय, मग उठून प्रश्न विचारतोय, हे महाराष्ट्रात होत होतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घालून मारलं. वाद मिटवायची ही दुसरी पद्धत. कुठली पद्धत आपली आणि कुठली नाही, हे तुकोबांच्या वाटेवरच्या माणसाला सांगायची गरज नसावी.

अजून एक सांगायचं राहिलं. समाजासाठी पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याला थोडं मानधन मिळावं म्हणून 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभा राहिला. त्यासाठी लागू, निळू फुले आणि त्यांचे सहकारी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत महाराष्ट्रभर हिंडले. पडद्यावरचे मास्तर आणि हिंदुराव एकाच गाडीतून, कार्यकर्त्यांसाठी पैसे जमवत. पुढं लागूंचा तरुण मुलगा तन्वीर अपघातात गेला. त्याच्या नावानं त्यांनी रंगकर्मींसाठी 'तन्वीर सन्मान' सुरू केला. बेलवलकरांचं दुःख स्टेजवर मांडणाऱ्या माणसानं स्वतःच्या दुःखाचं कधी प्रदर्शन केलं नाही.

आता मुद्द्याचं. दर नोव्हेंबरात आपल्याकडं काय असतं? बॉयलर पेटलेला असतो, मोळी पडलेली असते, टोळ्या फडात उतरलेल्या असतात. लागूंची जयंती बरोबर त्याच दिवसांत येते. शताब्दीला पुतळा नको, कमान नको, फ्लेक्स तर अजिबात नको. आपल्या तालुक्याच्या गावांत सभागृहं आहेत, कॉलेजं आहेत, गणेश मंडळांकडं पडदे आणि प्रोजेक्टर आहेत. एका गावात एक दिवस 'सामना' लावा. ऊसतोड टोळीतल्या माणसांनाही बोलवा, संचालकांनाही बोलवा, शाळेतल्या मास्तरांना तर आवर्जून. पिक्चर संपल्यावर लगेच आभारप्रदर्शन करू नका, अर्धा तास लोकांना बोलू द्या. माईक फिरवा. एखादा म्हातारा उठून काहीतरी विचारील, विचारू द्या.

कुणाच्या गावात हे जमण्यासारखं आहे, त्यांनी खाली गावाचं नाव लिहा. खुर्च्या उचलायला मी येतो. आणि ज्यांनी लागूंचा एखादा प्रयोग प्रत्यक्ष बघितलाय, मग तो पुण्यात असो नाहीतर कुठल्या तंबूत, त्यांनी आठवण जरूर लिहा. जुन्या माणसांकडं अशा आठवणी आहेत, त्या कागदावर आल्या पाहिजेत.

#बारामती #इंदापूर #डॉश्रीरामलागू #सामना